देवाचा दरबार आणि मराठी भजन

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागांत महागांव नांवाचें तालुक्याचें गांव आहे. नागपुराहून नांदेडकडे जाणारा रस्ता त्यावरून जातो. पूस नदीचें खोरें जवळच आहे, आणि पुढें पैनगंगा लागते. पैनगंगेपलीकडे माहूरचा डोंगर, रेणुकेचें आणि दत्तात्रेयाचें ठाणें. या मुलखांत तिन्हीसांजेला एखाद्या गांवीं थांबावें, तर टाळांचा आवाज कानीं येतो. दिवसभर कापसाच्या रानांत राबलेलीं माणसें देवळाच्या ओट्यावर बसून हरिपाठ म्हणत असतात. त्यांपैकीं एखाद्या म्हाताऱ्यास विचारावें कीं, बाबा, देवाच्या घरीं भजन कसें चालत असेल? मला वाटतें, तो फारसा विचार न करतां म्हणेल, “असेंच; फक्त तेथें कुणी दमत नसेल.”

हाच प्रश्न बायबलाच्या शेवटच्या पुस्तकांत एकोणीस शतकांपूर्वीं येऊन गेला आहे, आणि तेथें त्याचें सविस्तर उत्तरहि दिलेलें आहे. त्या पुस्तकास मराठींत ‘प्रकटीकरण’ म्हणतात. स्वर्गांतील उपासनेचें तें चित्र ज्यांच्या मनांत ठसलें, त्यांनीं मराठी भाषेंत, मराठी माणसांमध्यें, उपासना कशी उभी केली, तिच्यासाठीं काय सोसलें आणि कोठें चुकले, हा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम तें चित्र पाहूं. प्रकटीकरणाचा कर्ता योहान हा पात्म नांवाच्या लहानशा बेटावर होता, आणि आपल्या श्रद्धेपायीं आपण तेथें आहों, असें तो स्वतःच सांगतो. काळ बहुधा पहिल्या शतकाच्या अखेरीचा. रोमचे बादशहा देवपण मिरवूं लागले होते. त्यांच्या मूर्तीपुढें धूप जाळणें ही राजनिष्ठेची खूण ठरूं लागली होती. अशा वेळीं या एकाकी माणसास स्वर्गाचें दार उघडें दिसलें. आंत एक दरबार भरलेला होता. मध्यें सिंहासन, त्याभोंवतीं पाचूच्या रंगाचें इंद्रधनुष्य, समोर स्फटिकासारखा काचेचा समुद्र. चोवीस आसनांवर चोवीस वडील बसलेले, त्यांच्या मस्तकीं सोन्याचे मुकुट. सिंह, बैल, मनुष्य आणि गरुड यांच्यासारखे दिसणारे चार प्राणी रात्रंदिवस स्तवन करीत आहेत. वीणा आहेत, धुपानें भरलेल्या सोन्याच्या वाट्या आहेत. आणि हा धूप म्हणजे पृथ्वीवरील भक्तांच्या प्रार्थना, असा खुलासाहि तेथेंच आहे.

दरबार म्हटला म्हणजे वैभव आलेंच. परंतु या दरबाराच्या तीन गोष्टी जगांतल्या दरबारांहून निराळ्या आहेत, आणि त्याच आपल्या विषयास लागू आहेत. पहिली गोष्ट अशी कीं, ते चोवीस वडील आपले मुकुट काढून सिंहासनापुढें ठेवितात. तेथें कोणाच्याहि डोक्यावर मुकुट राहत नाहीं. सिंहासनाजवळ उभा असतो तो कोणी दिग्विजयी वीर नव्हे, तर वध झालेला कोकरा. दुसरी गोष्ट, पुढें जो मोजतां न येणारा समुदाय दिसतो तो सर्व राष्ट्रांतला, सर्व वंशांतला, सर्व भाषा बोलणारा आहे. तो मोठ्या संकटांतून आलेला आहे. त्याला आतां भूक लागणार नाहीं, तहान लागणार नाहीं, ऊन बाधणार नाहीं. देव स्वतः त्याचे अश्रु पुसणार आहे. तिसरी गोष्ट शेवटीं येते. त्या नव्या नगरींत मंदिरच नाहीं. तिच्या वेशी कधीं बंद होत नाहींत, आणि राष्ट्रांचें वैभव व मान त्या वेशींतून आंत आणले जातात.

म्हणजे प्रत्येक राष्ट्रानें तेथें कांहीं तरी घेऊन यावयाचें आहे. मग महाराष्ट्रानें काय न्यावें? मराठी ख्रिस्ती उपासनेचा चारशें वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाभोंवतीं फिरतो.

त्यास पहिलें मोठें उत्तर दिलें तें एका इंग्रजानें. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट धर्मगुरु १५७९ सालीं गोव्यास आला आणि १६१९ सालीं मरेपर्यंत तिकडेच राहिला. लोकांची कोंकणी बोली तो शिकला, तिचें व्याकरण त्यानें लिहिलें. आणि मराठी पुराणांचा घाट आत्मसात करून १६१६ सालीं त्यानें ‘ख्रिस्तपुराण’ छापून काढलें. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ रोमन लिपींत छापला गेला. परंतु त्याचें चालणें बोलणें सारें आपल्या पुराणांचें. त्यांत मराठी भाषेची मनापासून केलेली स्तुति आहे, आणि स्वर्गाला ‘वैकुंठ’ हा शब्द आहे.

त्या शब्दाजवळ थोडें थांबलें पाहिजे. स्टीफन्सच्या वाचकांनीं आपलीं देवळें पडतांना पाहिलीं होतीं. त्यांचे जुने ग्रंथ त्यांच्यापासून हिरावले गेले होते. पुराण ऐकण्याची संवय मात्र कानांत शिल्लक होती, आणि त्या रित्या झालेल्या जागीं स्टीफन्सनें आपलें पुराण ठेविलें. त्यांत लोकांविषयीं खरें प्रेम होतें, आणि त्याच्या पाठीशीं परकी सत्ताहि होती. इतिहास सांगणारानें यांतील एकहि गोष्ट लपवूं नये. तरी एवढें खरें कीं, स्वर्गाचें नांव घेण्यासाठीं आपली भाषा सोडावी लागत नाहीं, ही ग्वाही त्या माणसानें सर्वांआधीं दिली.

सत्तेला ही ग्वाही मानवली नाहीं. १६८४ सालीं गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयनें हुकूम काढिला कीं, रहिवाशांनीं आपली बोली टाकून तीन वर्षांच्या आंत पोर्तुगीज शिकावी. ‘ख्रिस्तपुराणा’च्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ जगला तो लोकांनीं हातानें उतरून ठेविलेल्या पोथ्यांमुळें. १९०७ सालीं जे. एल. सालढाणा यांनीं तो मंगळुरास पुन्हा छापला, आणि १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं त्याची देवनागरी आवृत्ति काढली. सर्व भाषांना जागा देणाऱ्या स्वर्गाचें वर्णन ज्या धर्मग्रंथांत आहे, त्याच धर्माच्या राजसत्तेनें एक भाषा पुसण्याचा हुकूम काढावा, हा विरोध विसरण्याजोगा नाहीं.

उत्तरेकडे आणि घाटावर ही कथा निराळ्या मार्गानें गेली. १८११ सालीं बंगालमधील श्रीरामपूर येथें विल्यम केरी यांनीं मराठी नवा करार छापला. १८१३ सालीं अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले, आणि पुढें अहमदनगर हें त्यांच्या कार्याचें मोठें केंद्र झालें. वचन मराठींत आलें. पण गाणें मराठींत येण्यास फार वेळ लागला. मिशनरी आपल्या देशांतून जीं गीतें घेऊन आले, त्यांचीं भाषांतरें झालीं, आणि तीं मूळच्याच चालींवर म्हटलीं जाऊं लागलीं. मराठी शब्दांचे ऱ्हस्वदीर्घ त्या चालींत ओढूनताणून बसवावे लागत. गाणाऱ्याच्या ओठांवर मराठी असे, पण कान परदेशांत असे. शेतावर ओवी गाणारी बाई रविवारीं प्रार्थनामंदिरांत आली, कीं तिला आपला गळा दारांतच ठेवावा लागे.

ही अडचण जाणणारे लोक मंडळींतच होते. अहमदनगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ख्रिस्ती कीर्तनास आरंभ करून दिला. पूर्वरंग, उत्तररंग, साथीला टाळमृदंग, आणि कथा मात्र येशूची. लोक ऐकावयास उभे राहत. परंतु ज्या पुरुषानें हा प्रश्न अगदीं मुळाशीं नेऊन सोडविला, ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म १८६१ सालीं कोंकणांत करजगांव येथें झाला. शीघ्रकवि, संस्कृतज्ञ, वृत्तीनें बैरागी आणि मनानें अस्वस्थ असा हा गृहस्थ. त्यांचा आपल्या विदर्भाशीं जुना संबंध आहे. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें त्यांनीं कांहीं काळ लेखन केलें. पुढें राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन गृहस्थानें त्यांस नवा करार वाचावयास दिला. फेब्रुवारी १८९५ मध्यें मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. घरदार दुभंगलें. पत्नी लक्ष्मीबाई पांच वर्षांनीं त्याच मार्गानें आल्या, आणि सोवळ्याओवळ्याची गांठ सुटतांना मनाची काय ओढाताण झाली, हें त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’त सांगून ठेविलें आहे. तें आपल्यापैकीं बहुतेकांनीं वाचलेलें असेल.

तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें टिळक सांगत. हा पूल त्यांनीं मागें मोडून टाकिला नाहीं. त्यांनीं अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, भजनें लिहिलीं आणि तीं टाळांवर म्हणून दाखविलीं. ‘उपासना संगीत’ या प्रार्थनामंदिरांतील गीतसंग्रहांत त्यांच्या पदांचा वांटा फार मोठा आहे. ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य त्यांनीं आरंभिलें. साडेदहा अध्यायांवर त्यांचा हात थांबला; पुढचें बहुतेक काव्य, शाळेंत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनीं लिहिलें, शेवट त्यांचे पुत्र देवदत्त यांनीं केला, आणि १९३८ सालीं ग्रंथ प्रसिद्ध झाला.

टिळकांवर आक्षेप दोहों बाजूंनीं आले. कांहीं ख्रिस्ती मंडळींस भय वाटलें कीं, अभंगाच्या चालीबरोबर सोडून आलेला जुना देवहि आंत येईल. कांहीं हिंदूंस वाटलें कीं, हा केवळ वेष आहे. मासा धरण्यासाठीं गळाला लाविलेलें आमिष आहे. दोन्ही शंका प्रामाणिक होत्या. त्यांचें उत्तर प्रकटीकरणाच्या पोटांतच आहे, असें मला वाटतें. योहानानें स्वर्ग पाहिला तोहि कांहीं कोऱ्या डोळ्यांनीं नव्हे. सिंहासनाभोंवतीं गाणारे देवदूत यशया संदेष्ट्यानें पूर्वींच वर्णिले होते. चार मुखांचे प्राणी यहेज्केलानें पाहिले होते. धूप आणि वेदी यरुशलेमच्या मंदिरांतले होते. योहानास जें अपूर्व दिसलें, तें त्यानें आपल्या वाडवडिलांच्या शब्दांत सांगितलें, कारण दुसरे शब्द त्याच्यापाशीं नव्हते. टिळकांनीं त्याहून वेगळें काय केलें? देहूचा टाळ त्यांच्या हातीं जन्मापासून होता. तो टाकून परक्या वाद्यावर बोट ठेवणें, हेंच त्यांच्या दृष्टीनें सोंग झालें असतें.

तथापि टिळकांची खरी ओळख चालींत नाहीं, त्यांच्या अखेरच्या दोन वर्षांत आहे. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी आणि वेतन सोडलें, संन्यस्त वृत्ति धरली आणि साताऱ्यास एक बंधुसमाज स्थापिला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र बसावे, अशी योजना होती. या समाजाचें नांव त्यांनीं ठेविलें, ‘देवाचा दरबार’. हा शब्द योहानाच्या चित्राशीं किती जुळतो पाहा. ज्या दरबारांत वडीलहि मुकुट उतरवून ठेवितात, तेथें मिशनरी आणि देशी, पगार देणारा आणि पगार घेणारा, आंतला आणि बाहेरचा, हे भेद टिकावे कसे? ९ मे १९१९ रोजीं टिळक वारले, आणि दरबार फार दिवस चालला नाहीं. संस्था म्हणून तो फसला म्हणा. परंतु स्वर्गाचें चित्र गंभीरपणें घेतलें तर पृथ्वीवरची बैठक बदलावी लागते, हें त्यांनीं स्वतःवर प्रयोग करून दाखविलें.

बैठक बदलणें म्हणजे काय, याची परीक्षा आपल्या देशांत गाण्यानें होत नाहीं, पंगतीनें होते. प्रभुभोजनाचा प्याला एकच असतो. ब्राह्मण घरांतून आलेला आणि महार किंवा मांग घरांतून आलेला, यांनीं त्याच प्याल्यास ओठ लावावयाचे असतात. स्वर्गांतील समुदायाचें वर्णन तोंडपाठ म्हणणारे अनेकजण या प्याल्यापाशीं अडखळले. आणि ही जात मंडळींतून समूळ गेली, असें आजहि म्हणतां येणार नाहीं. दलित ख्रिस्ती बांधवांनीं ही गोष्ट वारंवार बोलून दाखविली आहे. मुकुट सोन्याचा असला तर तो काढणें त्या मानानें सोपें. जन्मानें मिळालेला मुकुट डोक्याला चिकटून बसतो.

आतां दुसऱ्या एका स्त्रीची आठवण करूं. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि उपाशी मुली व विधवा यांना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगांव येथें ‘मुक्ति’ हें त्यांचें घर उभें राहिलें. पाठोपाठ १८९९-१९०० चा, लोकांच्या तोंडीं ‘छपन्न सालचा’ म्हणून राहिलेला दुष्काळ आला. त्यानें आपला वऱ्हाडहि होरपळून काढिला. मोठ्या संकटांतून आलेल्यांना पुन्हा भूक लागणार नाहीं, हें वाक्य आपण पोट भरलेल्या अवस्थेंत वाचतों. मुक्तींतील मुलींनीं तें कसें ऐकलें असेल? त्यांच्या लेखीं स्वर्गाची पहिली खूण वीणा नव्हती, भाकरी होती. रमाबाईंनीं ती आधीं दिली, आणि गाणें मग शिकविलें. १९०५ सालीं तेथें प्रार्थनेची जी लाट उठली, तींत शेंकडों मुली एकाच वेळीं मोठ्यानें प्रार्थना करीत. ऐकणाऱ्यांस तो गोंगाट वाटे. ज्यांना जन्मभर गप्प बसविलें होतें, त्यांचा तो आवाज होता.

रमाबाईंनीं आणखी एक काम केलें. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून सारें बायबल त्यांनीं स्वतः मराठींत आणलें, आणि तेंहि खेड्यांतल्या साध्या बाईला कळावें अशा बोलींत. अखेरचीं प्रुफें तपासून होतात न होतात तोंच, एप्रिल १९२२ मध्यें, त्यांचें देहावसान झालें. ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. स्टीफन्सनें ‘वैकुंठ’ म्हणून जुना शब्द जवळ केला. टिळकांनीं अभंग जवळ केला. रमाबाई मात्र, मोठ्या विदुषी असूनहि, पंडिती शब्द कटाक्षानें टाळीत राहिल्या. मार्ग तीन, परंतु प्रत्येकाची खटपट एकच: गाणाऱ्या माणसाला आपला गळा दारांत ठेवून यावा लागूं नये.

कॅथॉलिक मंडळींत हें दार उशिरा उघडलें. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनें १९६३ सालीं उपासनेंत लोकभाषेस वाव दिला, आणि लॅटिनच्या जागीं मराठी मिस्सा ऐकूं येऊं लागली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचें ‘सुबोध बायबल’ २०१० सालीं प्रसिद्ध झालें. १० वर्षांनीं, २०२० सालीं, उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ज्या भाषेविरुद्ध एके काळीं हुकूम निघत, तीच भाषा आतां धर्मगुरूचा मान करीत होती.

श्रोतेहो, पुन्हा आपल्या यवतमाळकडे येऊं. १९५३ सालीं यवतमाळ येथें युनियन बिब्लिकल सेमिनरी ही ख्रिस्ती धर्मशास्त्राची पाठशाळा सुरू झाली, आणि १९८३ सालीं ती पुण्यास हलविली गेली. त्या ३० वर्षांत देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतले तरुण या कापसाच्या गांवीं येऊन राहिले. मायबोली प्रत्येकाची वेगळी, आणि देव एक. प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायांतील तो समुदाय इतक्या लहान प्रमाणांत कां होईना, आपल्या जिल्ह्यानें पाहिला आहे.

त्याच पुस्तकांतील एक लहानशी गोष्ट सांगून मी रजा घेतों. एवढा गजर चाललेला असतांना एका क्षणीं स्वर्गांत सुमारें अर्धा तास शांतता पसरते, असें योहान लिहितो. गाणीं थांबतात. आणि मग भक्तांच्या प्रार्थनांचा धूप वर जातो. जणू पृथ्वीवरून आलेलें ऐकूं यावें म्हणून स्वर्ग स्वतः गप्प बसतो. अशा ठिकाणीं कोणाचा आवाज पोंचतो आणि कोणाचा नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार आपण कोण घेणार?

महागांवच्या वाटेवर ऐकूं येणारा टाळ हा ख्रिस्ती उपासनेचा नव्हे. तो विठ्ठलाचा आहे, आणि त्याचाच राहो. परंतु त्या टाळाची चाल, ती ओवी, ती कष्ट करून आल्यावर एकत्र बसण्याची रीत, हें महाराष्ट्राचें वैभव आहे. आणि ज्या नगरीच्या वेशी कधीं बंद होत नाहींत, तेथें न्यावें असें दुसरें आपल्यापाशीं फारसें नाहीं. स्टीफन्स, टिळक, रमाबाई यांनीं तें जपून नेलें. मुकुट मात्र, जन्माचा असो, विद्येचा असो कीं सत्तेचा, बाहेरच उतरवावा लागतो. त्या शिकवणींतील हा अर्धा धडा अजून आपल्या सर्वांचाच शिकावयाचा राहिला आहे.